दलदलीत एकही डुक्कर नाही

आमच्या संस्थेच्या अहवालात एक वाक्य होतं: ‘दलदलीच्या पट्ट्यात रानडुकरांचा वावर आढळून आला नाही.’ हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या पँटला गुडघ्यापर्यंत त्याच दलदलीचा चिखल होता आणि त्या चिखलात डुकराचे राठ केस चिकटलेले होते. बूट मी जिन्याखाली काढून आले होते, कारण सरांना कार्यालयात वास चालत नाही. वन्यप्राण्यांच्या संस्थेत वन्यप्राण्याचा वास चालत नाही, हे नव्या माणसाला जरा जड जातं. मी आता जुनी झाले आहे.

मी रानडुकरांचा अभ्यास करते. ती जंगलात कुठे खातात, कुठे लोळतात, कुठे झोपतात, कुठे वितात. या सगळ्याला आमच्या भाषेत ‘अधिवासाचा वापर’ म्हणतात. संस्थेत मला ‘डुक्करबाई’ म्हणतात, आधी पाठीमागे म्हणायचे, हल्ली तोंडावरही म्हणतात. घरी माझी आई शेजाऱ्यांना सांगते की मुलगी वाघांवर आहे.

“आई, आमच्या जंगलात वाघ नाही.”

“नसू दे. वाघ म्हटलं की लोक गप्प बसतात. डुक्कर म्हटलं की पुढचं विचारतात.”

“काय विचारतात?”

“लग्न झालंय का म्हणून.”

तर ती दलदल. डोंगराच्या पायथ्याशी ओढा पसरतो आणि पुढे जायचं विसरतो, तिथे ती आहे. वर झाडांचं छप्पर, खाली वेताची जाळी, आणि चिखलातून वाकड्या गुडघ्यांसारखी वर आलेली मुळं. उन्हाळ्यात वरचं जंगल तापलं की डुकरं इथे उतरतात, कारण डुकराला घाम गाळून गार होता येत नाही, त्याला चिखलच लागतो. डुकरीण विण्याआधी दातांनी पाती आणि कोवळी रोपं तोडते, त्यांचा ढीग रचते आणि त्या ढिगाखाली शिरून पडते. असा एक ढीग मी वेतामागून पाहिला होता. तो हळूहळू वर-खाली होत होता. मी आले तशी उलट पावली मागे गेले, कारण ताज्या बाळंतिणीला न बोलावता भेटायला जाण्याइतकी मी वेडी नाही.

या दलदलीवर विकास मंडळाचा डोळा होता. त्यांना ती उपसून तिथे तळं खणायचं होतं आणि तळ्यात हंसाच्या आकाराच्या होड्या सोडायच्या होत्या. प्रकल्पाचं नाव होतं ‘निसर्गसान्निध्य’. निसर्ग आधी उपसायचा आणि मग त्याचं सान्निध्य. मंजुरीसाठी एकच अट होती: त्या जागेचा वन्यप्राणी वापर करत नाहीत असा शास्त्रीय अहवाल हवा. तो आमच्या संस्थेने द्यायचा होता, आणि आमच्या संस्थेने तो दिला.

आता हे संस्थेला कसं जमलं, ते सांगते. यात लाच नाही, धमकी नाही, कुणी खोटं बोललं नाही. असतं तर मला इतका राग आला नसता.

संशोधनासाठी आम्ही झाडांना आपोआप चालणारे कॅमेरे बांधतो. समोरून ऊबदार अंगाचं काही हललं की कॅमेरा जागा होतो आणि फोटो काढतो. तो किती उंचीवर बांधायचा ते प्राण्यावर अवलंबून. डुकरासाठी तो माणसाच्या गुडघ्याच्या आसपास लागतो. आमच्या प्रकल्पाच्या उद्घाटनाला संचालक, म्हणजे सर, स्वतः आले. पहिला कॅमेरा त्यांच्या हस्ते बांधायचा होता. सरांच्या कमरेला पट्टा आहे. डॉक्टरांनी त्यांना वाकायला मनाई केली आहे. शिवाय सर उंच आहेत. त्यांनी विश्रामगृहामागच्या झाडाला आपल्या छातीसमोर पट्टा गुंडाळला, छायाचित्रकाराकडे पाहिलं आणि हसले.

तो फोटो दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या त्यांच्या खोलीत लागला. मग वार्षिक अंकात आला. मग कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत आला आणि त्याखाली छापलं गेलं: ‘सर्व कॅमेरे चित्रात दाखवल्याप्रमाणे बांधावेत.’

मी तेव्हाच सरांकडे गेले होते.

“सर, डुक्कर इतकं उंच नसतं.”

“अहो, सगळीकडे एकच उंची ठेवायची. तुलना करता आली पाहिजे. शास्त्र आहे.”

“पण खालून निघून जाईल.”

“सगळीकडे सारखंच निघून जाईल ना? मग झालं तर.”

सगळीकडे सारखं निघून जात नाही. डोंगराच्या उतारावर कॅमेरा चढाकडे तोंड करून असतो, समोर मोकळं असतं, वरून येणारं डुक्कर थेट त्याच्या डोळ्यासमोर येतं. दलदलीत जमीन सपाट आणि वेत इतका दाट, की दोन हातांपलीकडे काही दिसत नाही. जे जातं ते कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यातून जातं, आणि पुढ्यातून जातं म्हणजे नजरेच्या खालून जातं. हे मी लेखी कळवलं. ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं. आमच्याकडे नोंद घेणं हा कामाचा शेवट असतो.

निकाल व्हायचा तोच झाला. उतारावर डुकरंच डुकरं. दलदलीत पाखरं, एक फार उंच उडी मारणारं माकड, आणि बाकी नुसती पानं. अहवालाने जाहीर केलं की रानडुकरांना उंच, कोरडी, उताराची जमीन आवडते.

“सर, दलदलीत जागोजाग जमीन उकरलेली आहे. झाडांच्या बुंध्यांना ताजा चिखल घासलेला आहे. विष्ठा आहे. घरटी आहेत.”

“फोटो आहे का?”

“माझ्याकडे केस आहेत.” मी पिशवी पुढे केली.

सरांनी खुर्ची मागे घेतली. “ते खाली ठेवा. नाही, बाहेर ठेवा. हे बघा, खुणा म्हणजे तुमचं मत झालं. फोटो म्हणजे पुरावा. तुम्ही चिडू नका.”

“मी चिडलेली नाही.”

“आवाज चढलाय तुमचा.”

“तो चढलाय, सर. मी अजून चिडायची आहे.”

सर समजूतदारपणे हसले. हे हसू मी ओळखते. मुलांच्या वाढदिवसाला जादूगाराचा प्रयोग फसला की यजमान असं हसतात. मग त्यांनी ड्रॉवरमधून पुढच्या प्रकल्पाचा मसुदा काढून मला दाखवला, तेवढीच माझी समजूत पटावी म्हणून. विषय होता: ‘परिसरातील शेतीला रानडुकरांचा वाढता उपद्रव व उपाययोजना’.

“अजून तर उपद्रव नाही,” मी म्हणाले.

“होईल ना. तळं झालं की खालच्या बाजूला सरकतील. आपण आधीपासून तयार असायला हवं. तुमचाच विषय आहे हा, तुमचं नाव घातलंय मी.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी म्हणायचं, दलदलीत डुकरं नाहीत. मग दलदल उपसायची. मग तिथे नसलेली डुकरं शेतात शिरतील, लोक त्यांना गोळ्या घालतील, आणि त्या गोळ्यांचा अभ्यास मी करायचा. सगळं अगदी शास्त्रशुद्ध, एकापुढे एक. त्यात कुणी वाईट माणूस नव्हता. एक कंबर होती आणि एक फोटो होता.

घरी गेले तेव्हा आई दूरदर्शनसमोर बसून वाटाणे सोलत होती. मी ती पुस्तिका टेबलावर आपटली.

“काय झालं?”

“मंडळाची बैठक आहे सोमवारी. पाच जण हात वर करतील आणि माझी डुकरं गेली.”

“मग तू जा आणि सांग.”

“सांगितलंय. लिहून दिलंय. नोंद घेतली त्यांनी.”

“ओरडू नकोस तिथे. तुझा आवाज चिरकतो, मग लोक आवाजच ऐकतात.” तिने पुस्तिका उघडली, सरांचा फोटो पाहिला, चष्मा वर करून पुन्हा पाहिला. “हा माणूस डुकरांचे फोटो काढायला तिथे कॅमेरा बांधतोय?”

“हो.”

“यात माझाही फोटो यायचा नाही,” आई म्हणाली. आई उंचीने माझ्या खांद्याला लागते, आणि हे ती विनोद म्हणून म्हणाली नव्हती. वाटाणे बाजूला सारून ती उठली, दाराच्या चौकटीपाशी सरांच्या छातीएवढ्या उंचीवर हात धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, “ये बघू खालून.”

मी गेले. मला वाकावंही फारसं लागलं नाही.

सोमवारी मी कपाटातला एक कॅमेरा पिशवीत घालून बैठकीला गेले.

सभागृह लांबट होतं. मधे लंबगोल टेबल, खाली मऊ गालिचा, एका बाजूला खांब. खांबासमोर तिकाटण्यावर तळ्याचं मोठं रंगीत चित्र उभं केलं होतं. चित्रात पाणी निळं होतं आणि होडीत एक कुटुंब हात हलवत होतं. टेबलाशी पाच सभासद: मधे अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश, चेहऱ्यावर अशी शांतता की समोरच्याने आपणहून कबुली द्यावी, त्यांच्या डावी-उजवीकडे दोन वयस्क अधिकारी, ज्यांची मतं त्यांच्या खुर्च्यांसारखी ठरलेली होती, एक शाळा-तपासनीस, आणि एक इंजिनिअर, ज्याच्या फोनला सतत काहीतरी होत होतं. सर त्यांच्यासमोर बसले होते. मी भिंतीशी, सादरीकरणाचा संगणक चालवायला.

सरांनी अहवाल वाचला. ‘दलदलीच्या पट्ट्यात’ आलं, ‘आढळून आला नाही’ आलं. शाळा-तपासनिसांनी विचारलं, “म्हणजे डुक्कर चिखलात जात नाही?”

“हा एक लोकप्रिय गैरसमज आहे,” सर म्हणाले.

मी उठले. आईचं ऐकून आवाज खाली ठेवला, इतका खाली की पहिलं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. दुसऱ्या वाक्याला मी खांबाशी पोचले होते.

“अध्यक्षबाई, पद्धत कशी वापरली ते दाखवायचं आहे. आमच्या पुस्तिकेत तसं चित्र आहे, पण चित्रात डुक्कर नाही.”

“किती वेळ?” त्यांनी विचारलं.

“चहा येईपर्यंत.”

मी सरांच्या छातीची उंची नजरेने घेतली आणि तिथेच खांबाला कॅमेरा बांधला. त्याच्यासमोर, दोन हातांवर, तळ्याचं चित्र ओढून आणलं. “हे चित्र म्हणजे वेताची जाळी. यापलीकडचं कॅमेऱ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला कुणी दिसलं की हा लाल दिवा लागेल. आता डुक्कर येईल.”

“कुठून?” एका अधिकाऱ्याने दचकून विचारलं.

मी गुडघे टेकले. मग हात टेकले. चाळिशी ओलांडलेली, नीट इस्त्री केलेल्या कपड्यांतली बाई गालिच्यावर चार पायांवर आली तेव्हा सभागृहात जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. आधी कुणीतरी नाकातून हसलं, मग सगळेच. मी रांगत निघाले. हसून घ्या, म्हटलं, पण दिव्याकडे बघा. खांब आणि चित्र यांच्यामधून मी गेले, वळले आणि परत आले. दिवा लागला नाही. मधे थांबून मी जमीन उकरल्यासारखंही केलं, कारण अभ्यास करायचा तर पुरता करावा. दिवा लागला नाही.

“अहो बाई, उठा, काय हा प्रकार,” म्हणत सर मला थांबवायला तरातरा आले. खांब आणि चित्र यांच्या मधोमध ते पोचले आणि लाल दिवा लागला. एकदा, दोनदा, तीनदा.

मी उठले, कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं, संगणकाला लावलं आणि पडद्यावर जे होतं ते दाखवलं. तीन फोटो. पहिल्यात सरांचा टाय, दुसऱ्यात टाय आणि हनुवटी, तिसऱ्यात उघडं तोंड.

“या सभागृहात,” मी म्हणाले, “डुकराचा वावर आढळून आला नाही. संचालकांचा मात्र नियमित वापर दिसतो.”

हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत गेला असावा, कारण चहावाला ट्रे घेऊन दारातच थांबला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग खांबाकडे.

“सगळे कॅमेरे याच उंचीवर?”

“पुस्तिकेप्रमाणे,” मी म्हणाले.

“संचालक?”

सर म्हणाले की ही मर्यादा अहवालाच्या तळटीपेत नमूद करता येईल. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तळटीप! पण मी दात आवळले. आतापर्यंत सभासद मला हसत होते, आणि मला ते चाललं होतं, कारण हसताना त्यांनी दिवा पाहिला होता.

अध्यक्षबाईंनी मत घेतलं. मंजुरी द्यायची, की फेरपाहणी होईपर्यंत थांबायचं? दोन्ही अधिकारी मंजुरीच्या बाजूने. शाळा-तपासनीस थांबण्याच्या बाजूने. ते अजून डोळे पुसत होते. अध्यक्षबाईही थांबण्याच्या बाजूने. सगळे इंजिनिअरकडे वळले. तो नुकताच बाहेरून येऊन खुर्चीत बसला होता.

इंजिनिअर फोन खाली ठेवत म्हणाला, “सॉरी, मी बाहेर होतो, महत्त्वाचा कॉल होता. हसत का होते सगळे?”

“बाईंनी प्रात्यक्षिक दाखवलं,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“अरेरे, माझं चुकलं. ताई, पुन्हा एकदा करता का?”

त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. बस सुटली म्हणून पुढच्या बसची वाट बघावी, तसं तो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. सरांकडे पाहिलं, ते पहिल्यांदाच मोकळेपणी हसत होते. माझ्या मनात जे आलं ते छापण्यासारखं नाही. त्यात इंजिनिअरचा फोन होता, आणि तो कुठे घालावा याची नेमकी जागा होती.

मग मला तो वर-खाली होणारा ढीग आठवला. मी कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घातलं आणि खाली बसले.

पहिल्या वेळी रागात गुडघ्यांचं काही कळलं नव्हतं. दुसऱ्या वेळी राग दुप्पट होता आणि गुडघेही कळले. या वेळी कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. मऊ गालिच्यावर माझ्या तळव्यांचा आवाज होत नव्हता, फक्त माझ्या श्वासाचा होत होता. टेबलाखाली सगळ्यांचे पाय दिसत होते. एका अधिकाऱ्याने बूट काढून ठेवले होते.

“दिवा लागायला हवा होता?” इंजिनिअरने वरून विचारलं.

“डुक्कर दिसलं असतं तर.”

“बिघडला असेल.”

“तुम्ही चालून बघा.”

तो उठला, माझ्या शेजारून, खांब आणि चित्र यांच्यामधून चालत गेला. दिवा लागला. तो थांबला, मागे आला. पुन्हा लागला. त्याला ते आवडलं. तो तिसऱ्यांदाही गेला. मी तोपर्यंत खालीच होते.

“म्हणजे हे उंचीमुळे झालं,” तो म्हणाला, जणू आत्ताच त्याने शोध लावला होता. “मग पुन्हा मोजायला हवं. थांबवा. तळं छान होतं हो, पण.”

तीन विरुद्ध दोन. मंजुरी थांबली. फेरपाहणी दलदलीत, कॅमेरे गुडघ्याच्या उंचीवर, दलदल कोरडी पडायच्या आत.

“हे काम बाईच करतील,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

सर घसा खाकरून म्हणाले, “अडचण अशी आहे की बाईंची नेमणूक अहवाल पूर्ण होईपर्यंतच होती. अहवाल तर झाला.”

“झाला कुठे?” अध्यक्षबाईंनी तो त्यांच्यासमोरून उचलला आणि चहाच्या ट्रेखाली ठेवला. “हा अजून व्हायचाय.”

बैठक संपली. अधिकारी मला येऊन म्हणाले की फारच छान केलंत, नाटकात वगैरे काम करता का. इंजिनिअरने विचारलं की फोटोंची प्रत मिळेल का, त्याच्या घरी दाखवायला. मी प्रत्येकाला ‘नाही’ म्हणाले. कुणाला वाटलं असेल की मी जिंकले म्हणून फुगले. मी गालिच्याचे तंतू पँटवरून झटकत होते आणि मला एवढंच वाटत होतं, की ज्या गोष्टीसाठी एक नजर खाली टाकणं पुरेसं होतं, त्यासाठी मला दोनदा रांगावं लागलं, आणि तरी दोन हात वर गेलेच.

सर जवळ आले. “झालं ना तुमच्या मनासारखं? मोठ्या मनाने सांगतो, कल्पक होतं. आता तरी राग सोडा.”

“कॅमेऱ्यांच्या कपाटाची किल्ली द्या, सर.”

“उद्या अर्ज करा ना रीतसर.”

“उद्या मी दलदलीत असेन.”

चहावाला कप गोळा करत आमच्या भोवतीने दोनदा गेला. मी हात पुढे करून उभी होते, आणि शेवटी सर एकेक खिसा चाचपू लागले.